आयडलला ४३ दाखवणारा पेट्रोलच्या प्रेशरचा काटा विसर, नायट्रस चालू असताना तो कुठे असतो ते बघ

तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पहिल्या पिढीतली होंडा सिटी १.५ व्हीटेक, त्यावर ५० हॉर्सपॉवर वाढवणारा नायट्रसचा वेट किट (म्हणजे नायट्रस ऑक्साइडसोबत जास्तीचं पेट्रोलही तोच सोडतो), पेट्रोलचं प्रेशर ठरवणारा बाहेरून आणलेला ॲडजस्टेबल रेग्युलेटर, आयडलला ४३ पीएसआय सेट केलंय, आणि तिसऱ्यात नायट्रस मारलं की वाइडबँड, म्हणजे एक भाग पेट्रोलला किती भाग हवा ते मोजणारं मीटर, पहिल्यांदा १२ दाखवतं पण दीड-दोन सेकंदात चढत चढत १३.८ ला जातं. मेकॅनिक म्हणतो प्रेशर ५५ कर, मित्र म्हणतो फ्युएलचा जेट (ज्या मापाच्या भोकातून किटचं पेट्रोल जातं तो) एक नंबर मोठा टाक, आणि तू विचारतोयस दादा पंपच मोठा घेऊ का.

आत्ता तिघांचंही राहू दे. आधी बाटलीचा व्हॉल्व बंद कर आणि हे निस्तरेपर्यंत उघडू नको, कारण १३.८ वर नायट्रस ओढत राहिलास तर पुढचा प्रश्न पिस्टन कुठे मिळतील हा असणार आहे.

आता तुझ्या मेसेजमधली एक गोष्ट, जी तू सहज लिहून गेलास. आयडलला ४३ सेट केलं, ते रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून की लावलेली ठेवून? फोटोत तर नळी लावलेली दिसतीये. मग ते ४३ नाहीच. आयडलला मॅनिफोल्डमध्ये जो व्हॅक्यूम असतो तो रेग्युलेटरला साधारण ९-१० पीएसआय खाली ओढतो, फुल थ्रॉटल दिलं की व्हॅक्यूम जातो आणि प्रेशर तेवढंच वर यायला पाहिजे. म्हणजे तुझ्या सेटिंगला फुल थ्रॉटलवर काटा ५२ च्या आसपास हवा होता. त्या गाडीला कंपनीतून नळी काढून ३ बारच्या आसपास म्हणजे ४३-४४ च असतं, म्हणजे तू नकळत प्रेशर आधीच वाढवून ठेवलंयस. अशी गाडी नायट्रसवर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, अशी जायला पाहिजे, तुझी लीन, म्हणजे पेट्रोल कमी, अशी जातीये. इथेच कळतं की जेट लहान असणं हा आजार नाहीये, प्रेशर टिकत नाहीये.

ढोबळ हिशोब करून बघ. भोकातून जाणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं-घटतं, इंजेक्टरला पण हेच आणि जेटला पण हेच. १२ चं १३.८ झालं म्हणजे पेट्रोल १३ टक्के कमी झालं, म्हणजे प्रेशर जवळपास पाऊणपट झालं, ५२ चं ३९. दीड सेकंदात. हे तुला दिसलं नाही कारण गेज बॉनेटखाली आहे आणि तू बॉनेट उघडून आयडलला बघतोस.

सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे शिकवायला लागत नाही. सगळे नळ बंद असतात तेव्हा पाइपात प्रेशर मस्त असतं, सकाळी सात वाजता खाली चार जणांनी नळ सोडला की वर करंगळीएवढी धार येते. बंद नळाच्या प्रेशरवर आंघोळ होत नाही. नायट्रसच्या किटचंही तसंच, सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व) बंद असताना काटा काय म्हणतो याला काही किंमत नाही, सोलेनॉइड उघडा आणि इंजिन फुल लोडवर असताना सोलेनॉइडच्या तोंडाशी जे प्रेशर असतं तेवढंच खरं. आमच्याकडे त्याला वाहतं प्रेशर म्हणतो. किटचा जेटचा तक्ता पण त्याच प्रेशरसाठी बनवलेला असतो, समजा तक्त्यावर ४३ लिहिलंय तर ते वाहतं ४३.

माझं स्वतःचं सांगतो, लाज वाटते पण सांगतो. सुरुवातीच्या काळात एका मित्राची गाडी घेऊन घाटावरच्या एका धावपट्टीवर गेलो होतो, ७५ हॉर्सपॉवरचा शॉट, गॅरेजमध्ये सगळं तपासलेलं, पंप नवा, प्रेशर काट्यावर स्थिर. वजन कमी म्हणून टाकीत मुद्दाम सात-आठच लिटर ठेवलेलं, आम्हाला वाटलं आपण फार हुशार. पहिला रन चांगला गेला, दुसऱ्याला सुटल्या सुटल्या पेट्रोल टाकीत मागे गेलं, पंपाने अर्धा क्षण हवा ओढली, आणि नायट्रसला काय त्याचं, ते आपल्या ९०० पीएसआयने येतच राहिलं. आवाज काही फार मोठा झाला नाही, एक फट् आणि मग गाडी तीन सिलिंडरवर. इंजिन खोललं तर तिसऱ्या पिस्टनची वरच्या दोन रिंगांमधली पट्टी तुटलेली, आणि प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक चमचमणारे ठिपके, आधी वाटलं चकाकी आहे, नखाने खरवडलं तर ॲल्युमिनियम. पिस्टनचाच चुरा तो. पंप दोषी नव्हता, रेग्युलेटर नव्हता, आम्हीच. तेव्हापासून माझ्याकडे नायट्रस मारायचं तर टाकी अर्ध्याच्या वर असणार, ज्याला पाच किलो वाचवायचेत त्याने स्टेपनी काढावी.

असो, तुझ्या गाडीकडे.

गेज बाहेर आण. इंजिन बेमधून लांब होज काढून गेज काचेवर वायपरखाली अडकव, काटा ड्रायव्हरकडे, आणि शेजारी बसलेल्याने मोबाइलवर शूट करायचं. पेट्रोल भरलेली नळी केबिनमध्ये मात्र आणायची नाही, कुणी कितीही सांगितलं तरी नाही, आत काटा हवा असेल तर इलेक्ट्रिक सेन्सरवाला गेज घे. होज इंजेक्शनच्या प्रेशरची घे, साध्या कार्ब्युरेटरच्या रबरी नळीचा भरवसा नाही. मग नायट्रस बंद ठेवून तिसऱ्या गिअरला ३००० पासून वरपर्यंत एक पुल (फुल थ्रॉटलने सलग धाव) मार. काटा जागेवर राहिला तर नुसत्या इंजिनपुरतं पेट्रोल पुरतंय. तिथेच हळूहळू बसायला लागला तर नायट्रसचा विषयच सोड, गाडी स्वतःचंच पोट भरू शकत नाहीये.

काटा कसा पडतो यावरून निम्मं निदान होतं. आरपीएम चढेल तसा हळूहळू खाली जातोय तर पेट्रोलचा पुरवठाच कमी, पंप, फिल्टर किंवा पंपाचा करंट. बटण लागल्या क्षणी एकदम डुबकी मारून परत वर येतोय तर फ्युएल सोलेनॉइडकडे जाणारी नळी बारीक आहे, लांब आहे किंवा चुकीच्या जागेवरून टी (पेट्रोलच्या नळीला फाटा) मारलाय. फक्त लाँचला, म्हणजे गाडी सुटताना, पडतोय तर टाकीतलं पेट्रोल हलतंय, वर सांगितलं तेच. आणि काटा सेट केल्यापेक्षा वरच बसतोय, स्क्रू कितीही ढिला केला तरी खाली येत नाही, तर मोठ्या पंपाचं पेट्रोल जुन्या बारीक रिटर्न नळीतून परत जाऊ शकत नाहीये. हे शेवटचं मी मुद्दाम सांगतोय कारण तू सरळ मोठा पंप टाकलास तर पुढच्या महिन्यात हाच प्रश्न घेऊन येशील.

तुझ्या वर्णनावरून तुझं पहिल्या प्रकारातलं वाटतंय, दीड सेकंदात हळूहळू. तर पंप मोजायचा. बऱ्याच गाड्या आल्या माझ्याकडे ज्यात डब्यावर २५५ लिटर लिहिलेला पंप होता आणि मोजला तर निम्मा पण निघाला नाही, बाजारात डुप्लिकेट माल किती आहे ते तुला माहितीये. आणि अस्सल असला तरी तो आकडा ठरावीक प्रेशरला आणि ठरावीक व्होल्टेजला असतो, प्रेशर वाढलं की पंपाचं माप कमी होतं, म्हणून तर मेकॅनिकचं ५५ मला पटत नाही, दमलेल्या बैलाच्या गाडीत अजून दोन पोती टाकल्यासारखं आहे ते.

तुला किती लागतं ते बघू. इंजिनची १०६ हॉर्सपॉवर, दर हॉर्सपॉवरला तासाला अर्धा पाउंड पेट्रोल हा जुना ठोकताळा, म्हणजे साधारण २४ किलो, लिटरमध्ये ३२. नायट्रसची ५० हॉर्सपॉवर, तिथे जरा रिच धरायचं, ०.६ ने, तर अजून १८ लिटर. झाले ५०. त्यावर तीस टक्के जास्तीचे धरले की तासाला ६५ लिटर. म्हणजे ३० सेकंदात ५४० मिली. आता रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढ, प्रेशर ४३ ला सेट कर, इंजिन बंद, रिटर्नची नळी मापाच्या डब्यात सोड, पंपाचा रिले जंप करून पंप ३० सेकंद चालव आणि डबा बघ. हे उघड्यावर करायचं, जंपर बॅटरीपाशी लावायचा जिथे पेट्रोलची वाफ नाही, बाजूला आग विझवायचा सिलिंडर, आणि चहा-सिगारेटवाले पब्लिक लांब. ५४० च्या वर आलं तर पंप बरा आहे. तीनशे-साडेतीनशे आलं तर सापडलं. पण तरी लगेच पंप विकत घेऊ नको, आधी मीटर लाव.

मीटरचा एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरा पंपाच्या कनेक्टरच्या प्लसवर, पंप चालू. जे व्होल्ट दिसतील ते वाटेत खाल्लेले व्होल्ट. वीस-बावीस वर्षांच्या गाडीत दोन-अडीच व्होल्ट खाल्लेले मी कितीतरी वेळा बघितलेत, बॅटरीवर १३.८ आणि पंपाला ११.३, बिचारा पंप काय करणार. तसंच अर्थिंगच्या बाजूलाही बघ. उपाय साधा, बॅटरीपासून चार स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीच्या जवळ फ्यूज, मागे रिले, जुनी पंपाची वायर फक्त रिले उचलायला. अर्थिंग बॉडीचा रंग खरवडून. पाचशे-सातशे रुपयांचं काम आहे, आणि पंपाचं माप बरंच वाढतं. हे झाल्यावर परत ३० सेकंद मोज. फिल्टर कधी बदललास ते पण आठव, आठवत नसेल तर बदल.

आता सोलेनॉइडची बाजू. ही टेस्ट फार कमी लोक करतात आणि मला सगळ्यात जास्त आवडते. बाटली बंद आहे याची खात्री कर, नायट्रसच्या लाइनमधलं उरलेलं मोकळं कर, नायट्रस सोलेनॉइडचं कनेक्शन काढ, नोझल इनटेकमधून काढून जेटसकट मापाच्या बाटलीत धर आणि फक्त फ्युएल सोलेनॉइडला १० सेकंद करंट दे. ०.०२० इंचाचा म्हणजे अर्धा मिलिमीटरचा जेट असेल तर ४३ ला साधारण ४५ मिलीच्या आसपास यायला पाहिजे. तीन वेळा कर, तिन्ही वेळा सारखं आलं पाहिजे. कमी आलं किंवा दर वेळी वेगळं आलं तर सोलेनॉइडच्या तोंडाची जाळी काढून बघ. गेल्या उन्हाळ्यात एका पोराची गाडी आली होती, पंप बदलला, रेग्युलेटर दोनदा बदलला, लीन ती लीनच. जेट काढून उजेडासमोर धरला तर भोक गोल दिसेना, चंद्रकोरीसारखं. आतून पांढरा टेफ्लॉन टेपचा तुकडा, शेवईएवढा. फिटिंग बसवताना नळाला गुंडाळतात तसा टेप गुंडाळलेला कुणीतरी. टेप वापरायचाच नाही या कामात, पेस्टवालं सीलंट लाव आणि तेही पहिले दोन आटे सोडून.

टी कुठून मारलाय ते पण बघ. फिल्टरच्या पुढे आणि रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) आधी किंवा रेलच्या चांगल्या मोठ्या पोर्टवरून चालेल. रेग्युलेटरच्या पुढे रिटर्नच्या नळीवरून मारलेला पण बघितलाय मी, तिथे काय प्रेशर मिळणार, कपाळ.

एवढं सगळं झालं की मग रेग्युलेटर, व्हॅक्यूम नळी काढून ४३ आणि मग नळी परत लाव. आणि तो स्क्रू विसरून जा. माझं मत आहे, बाकीच्यांचं वेगळं असेल, की इंजेक्शनच्या गाडीत प्रेशर हे नायट्रस ट्यून करायचं साधन नाही. एकाच रेलवरून इंजेक्टर पण पितात आणि किट पण, तू नायट्रससाठी प्रेशर चढवलंस की बिना नायट्रसची गाडी पण रिच. साध्या चालवण्यात ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ऑक्सिजन सेन्सरवरून सावरून घेतं, फुल थ्रॉटलला सेन्सर बघत नाही, त्यामुळे तुला रस्त्यावर सगळं छान वाटणार आणि पुल मारताना काळा धूर. फ्युएल कमी-जास्त करायचं तर जेट बदल, एक एक नंबर. कार्ब्युरेटरच्या गाड्यांचं वेगळं, त्यांना नायट्रसचा पंप-रेग्युलेटर अख्खा वेगळा लावता येतो आणि तिथे प्रेशर हलवून ट्यून करतात, पण तिथे ६ पीएसआयवर खेळ असतो, एक पीएसआय पडला तर तुझ्याकडे सात पडल्यासारखं आहे, वर्गमूळाचा हिशोब करून बघ. शिवाय तिथला साधा रेग्युलेटर बंद लाइनमध्ये सात दाखवेल आणि सोलेनॉइड उघडला की साडेपाच, म्हणून तिथे तर जेटमधून पेट्रोल वाहत ठेवूनच सेट करावं लागतं.

कुणीतरी तुला ड्राय किट घे म्हणालंय, फ्युएल सोलेनॉइडची कटकट नाही म्हणून. जुन्या पद्धतीच्या ड्राय किटमध्ये नायट्रसचंच प्रेशर रेग्युलेटरवर देऊन रेलचं प्रेशर चढवतात. १०६ वर ५० म्हणजे पेट्रोल ४७ टक्के जास्त हवं, त्यासाठी प्रेशर दुपटीच्या वर, ४३ चं ९३. तुझा पंप तिथे मान टाकेल. मोठे इंजेक्टर आणि प्रोग्रॅम होणारं ईसीयू असेल तर ड्राय उत्तम, तोवर वेटच बरा.

प्रेशर स्विच लावलाच नाहीयेस असं दिसतंय. बाटली परत उघडायच्या आधी तो हवाच. फ्युएल सोलेनॉइडच्या अगदी आधी बसवायचा, आणि नायट्रसच्या रिलेच्या अर्थिंगमध्ये सिरीजमध्ये टाकायचा, प्रेशर पडलं की रिले सुटला पाहिजे. सेटिंग गाडीवर करत बसू नको, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर कर, हवा ४५ पर्यंत भरायची, मीटर बीपवर ठेवायचं, हळूहळू हवा सोडायची आणि उतरताना ३८ ला बीप बंद होईपर्यंत ॲलन की फिरवायची. चढताना नाही, उतरतानाचा आकडा बघ, दोन्हीत फरक असतो. ३८ का, तर ४३ वरून ३८ ला पेट्रोल सहा टक्के कमी होतं, ११.८ चं साडेबारा, तिथपर्यंत इंजिन वाचतं. ३० ला लावलास तर स्विच कटेल तेव्हा पिस्टन आधीच गेलेला असेल. वरून आरपीएमचा विंडो स्विच पण हवा, ३००० च्या खाली चालू नाही आणि रेव्ह लिमिटरच्या चारशे-पाचशे आधी बंद, कारण लिमिटर पेट्रोल तोडतो, नायट्रस नाही.

दुसरी बाजू बाटलीची, ती लोक विसरतात. फ्युएलचं प्रेशर घट्ट धरून ठेवलंस आणि बाटलीचं मोकाट सोडलंस तर प्रमाण तरीही बिघडणारच. २५ डिग्रीला बाटलीत साधारण ८२० पीएसआय असतं, ३० ला ९१५, आणि ३६.४ डिग्रीला १०५० च्या आसपास, त्याच्या वर नायट्रसचं द्रवच राहत नाही, कितीही दाबलं तरी. परदेशात बाटली गरम करायला हीटर लावतात, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बंद डिकीत ती फुकटात ५० ला जाते. ९०० ते ९५० मध्ये ठेवायची, ओला टॉवेल नाहीतर बर्फाची पिशवी, आणि थंडीत कमी पडलं तर गरम पाण्याचा टब. ब्लोटॉर्च घेऊन बाटलीपाशी बसलेला माणूस दिसला तर तिथून निघ.

पेट्रोलचं पण एक आहे. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, त्याला त्याच हवेला आठ टक्क्यांच्या आसपास जास्त पेट्रोल लागतं. परदेशी किटचा जेटचा तक्ता याचा विचार करून बनवलेला नसतो, त्यामुळे तक्त्याप्रमाणे जेट टाकला तरी तू आधीच थोडा लीन. वाइडबँडवर १२-१३ बघण्यापेक्षा त्याला लॅम्डावर लाव (त्यात १ म्हणजे पेट्रोल-हवा बरोबर प्रमाणात, त्याखाली रिच), नायट्रसवर ०.८० ते ०.८२ ठेव, मग इथेनॉल किती याची चिंता नको. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या इथेनॉलने आतून फुगतात-सोलतात, तो चुरा परत त्याच जाळीत. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२० पासून निवडक पंपांवर मिळतंय, ते घाल, पण ऑक्टेन नॉकिंग टाळायला मदत करतं, लीन टाळायला नाही.

प्लग एक नंबर थंड, आणि ठिणगीचं टायमिंग ५० च्या शॉटला दोन डिग्री मागे, हे केलं असशील असं धरतो.

रस्त्यावर याची टेस्ट करू नको, हे काकांसारखं सांगत नाहीये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत असे बदल बसत नाहीत, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने पण तेच सांगितलंय, आणि अपघात झाला तर विमावाला पहिल्यांदा डिकीतली निळी बाटली बघणार. ट्रॅक डेला जा, नाहीतर अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगचे इव्हेंट होतात तसं काही असेल तेव्हा.

आता या रविवारी बाकी काही करू नको. व्हॅक्यूम नळी काढून आकडा, रिटर्नमधून ३० सेकंदांचं माप, पंपापाशी किती व्होल्ट खाल्ले ते, आणि जेटचे तीन वेळचे मिली. एवढे आकडे टाक इथे. मला नव्वद टक्के वाटतंय वायरिंगच निघणार, आणि पंपाचे पैसे वाचले तर त्यातून स्विच घे.